निदान शेजारच्या दवाखान्यात

२०२४ सरता सरता बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळू लागले. विंचरताना चार केस जास्त निघाले, इतकी साधी ही गळती नव्हती. आधी डोक्याला खाज, मग हात लावताच मुठीत पुंजके आणि तीनेक दिवसांत टक्कल. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांपासून सुरू झालेला प्रकार पाहता पाहता अठरा गावांत पसरला आणि रुग्णांची संख्या २७९ झाली. मुलींनी कॉलेजात जाणे टाळले, ठरत आलेली लग्ने अडली. पथके आली. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी बुरशीचा संसर्ग म्हटले. पाणी तपासले तर त्यात नायट्रेट जास्त निघाले, तेव्हा काही दिवस पाणीच आरोपी ठरले. त्वचेचे तुकडे, रक्त, लघवी, माती असे सगळे प्रयोगशाळांकडे रवाना झाले.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले आणि त्यांनी चौकशी पाण्यावरून ताटाकडे वळवली. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातले मृत्यू कमी करणारे हे डॉक्टर. रुग्णाच्या अंगणात जाऊन बघायची त्यांची सवय जुनी. रेशनवर आलेला गहू त्यांनी तपासून घेतला. त्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. गव्हात ते साधारण ०.१ ते १.९ मिलिग्रॅम असते. रुग्णांच्या रक्तातही सेलेनियम वाढलेले आणि जस्त घटलेले आढळले. गहू पंजाब-हरियाणाकडचा असावा आणि दोष त्याच्यातच असावा, हा त्यांचा निष्कर्ष. गव्हावर थेट बोट ठेवण्याबाबत वाद झाला. पण काही महिन्यांनी त्याच गावांतल्या काही जणांची नखेही ठिसूळ होऊन गळू लागली, तेव्हा सेलेनियमचा संशय बळावला.

केस आणि नखे एकापाठोपाठ जातात, हे वर्णन माणसांच्या डॉक्टरला चक्रावून टाकते. घोड्यांच्या डॉक्टरला ते फारसे नवे नाही. आजच्या साउथ डकोटात असलेल्या फोर्ट रँडल या लष्करी ठाण्यावर टी. सी. मॅडिसन नावाचे डॉक्टर होते. त्यांचे काम सैनिक बरे करण्याचे, पण १८५६-५७ मध्ये ठाण्यावरचे घोडे आजारी पडले तेव्हा त्यांनी ते नीट पाहून लिहून ठेवले: आयाळ आणि शेपटीचे केस झडतात, खुरांना चिरा पडतात, जनावर उभे राहू शकत नाही. त्या भागातल्या गुराख्यांनी या रोगाचा दोष क्षारट पाण्याला दिला आणि तसेच नाव त्याला पडले. खरे कारण कळायला १९३०चे दशक उजाडले. जमिनीतले सेलेनियम गवतात आणि धान्यात उतरत होते. केस, खूर, नखे, शिंगे हे सारे केराटिन या प्रथिनाचे. त्याला बळकटी देणारे सांधे गंधकाचे असतात. सेलेनियम रासायनिकदृष्ट्या गंधकाचा जवळचा नातलग असल्याने त्याची जागा बळकावते आणि सांधे कच्चे राहतात. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी, नवाशहर आणि होशियारपूरच्या काही पट्ट्यांत म्हशींचे केस झडणे, खूर तडकणे, शिंगे गळणे हे लुधियानाच्या कृषी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवलेले आहे.

म्हणजे शेगावला पोचलेल्या पहिल्या पथकात एक अनुभवी पशुवैद्य असता, तर 'जनावरांत हे असे कशाने होते?' हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच विचारला गेला असता. उत्तर बरोबरच आले असते असे माझे म्हणणे नाही. प्रश्न तरी टेबलावर आला असता. विचित्र, अनोळखी आजारांच्या निदानाचा गेल्या शेदीडशे वर्षांचा इतिहास चाळला, तर ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा हाताला लागते: उत्तर बहुधा कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले असते, पण भिंतीपलीकडच्या दवाखान्यात.

पश्चिम उत्तर प्रदेशातले उदाहरण आपल्याकडे जितके गाजायला हवे होते तितके गाजले नाही. सहारनपूर, बिजनौर या भागांत वर्षानुवर्षे दर हिवाळ्याच्या तोंडाशी लहान मुले अचानक बेशुद्ध होत आणि बहुतेक दगावत. कागदावर 'मेंदूज्वर' असे लिहिले जाई. विषाणूचा शोध चालू राही आणि विषाणू काही सापडत नसे. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे ज्येष्ठ विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांनी प्रकरण उलटून पाहिले. या मुलांना ताप फारसा नव्हता. मेंदूइतकेच यकृत बिघडले होते आणि स्नायूंचीही नासाडी झाली होती. यकृत, स्नायू आणि मेंदू असे तीन अवयव एकदम धरणारा विषाणू कुठला? तसा विषाणू माहीत नव्हता, पण तसे झाड पशुवैद्यकाच्या पुस्तकात होते. कसौंदी, म्हणजे आपला कासविंदा. त्याच्या शेंगा खाऊन गुरे, डुकरे, घोडे मरतात आणि त्यांच्यात नेमके हेच अवयव जातात, हे पशुवैद्यांना कित्येक दशके ठाऊक होते. गावात चौकशी केल्यावर कळले की खेळता खेळता मुले त्या शेंगांतल्या बिया खात होती. २००७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. उपाय काय, तर गावागावांत ते झुडूप ओळखायला शिकवणे. त्याला ना लस लागली ना औषध.

मुजफ्फरपूरची कथा याच जातीची, पण तिच्यात गरिबीचा धागा अधिक ठळक आहे. बिहारच्या त्या जिल्ह्यात १९९५ पासून मे-जूनमध्ये मुले पहाटे आकडी येऊन उठत आणि काही तासांत जात. संध्याकाळपर्यंत ती बागडत असत. २०१४ च्या उन्हाळ्यात तिथल्या दोन रुग्णालयांत ३९० मुले दाखल झाली, त्यांतली १२२ दगावली. जपानी मेंदूज्वराचा संशय घेऊन झाला, कीटकनाशकांचा घेऊन झाला. शेवटी हाती आले ते हे: मुलांच्या रक्तातली साखर भयंकर खाली गेलेली असे, आदल्या दिवशी त्यांनी लिची खाल्लेली असे आणि रात्री ती उपाशी झोपलेली असत. लिचीत हायपोग्लायसिन नावाचे द्रव्य असते. साठवलेली साखर संपली की शरीर चरबी जाळून वेळ निभावते, हे द्रव्य तीच वाट बंद करते. पोटभर जेवलेल्या मुलाला लिची बाधत नाही. बागमालकाच्या मुलाला काही झाले नाही आणि बागेत पडलेली फळे वेचणाऱ्या मजुराचे मूल गेले, याचे रसायनशास्त्र इतके सरळ आहे.

हायपोग्लायसिनची पहिली ओळख जमैकात झाली, तिथल्या ॲकी या फळामुळे. कच्चे ॲकी खाऊन माणसे उलट्या करकरून मरत. आणि युरोपात घोडे मरत होते. शरद ऋतूत कुरणावर सोडलेला धडधाकट घोडा अचानक ताठरतो, लघवी काळपट होते, दोन-तीन दिवसांत संपतो. या रोगाचे कारण पशुवैद्यांना कितीतरी वर्षे सापडत नव्हते. २०१२ ते २०१४ या काळात उलगडले की कुरणाकडेच्या मेपल जातीच्या झाडांच्या बिया घोडे चघळत होते आणि त्या बियांत हायपोग्लायसिन होते. म्हणजे मुजफ्फरपूरमध्ये मुलांच्या आजाराचा तपास चालू होता, त्याच सुमारास बेल्जियम आणि मिनेसोटातले पशुवैद्य त्याच रेणूचा माग काढत होते. लिची, ॲकी, मेपल आणि आपला रिठा, सगळी एकाच वनस्पतिकुळातली.

आता गिधाडे. इथे प्रवास उलट दिशेने झाला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९९०च्या दशकात पाहिले की गिधाडे मान खाली टाकून तासन् तास बसतात आणि मग झाडावरून पडतात. पांढऱ्या पाठीची गिधाडे पुढे पंधरा वर्षांत शंभरातली नव्याण्णवहून अधिक नाहीशी झाली. इतका झपाटा पाहून जो तो विषाणू म्हणाला. पाकिस्तानात काम करणारे अमेरिकी पशुवैद्य लिंडसे ओक्स यांनी मेलेली गिधाडे उघडली, तेव्हा आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर होता. ते यूरिक आम्ल होते. मूत्रपिंडे निकामी झाली होती. विषाणू नाही, जिवाणू नाही, शिसे नाही, कीटकनाशक नाही. मग त्यांच्या पथकाने साधा प्रश्न विचारला: गिधाड काय खाते? मेलेली गुरे. गुरांना मरण्यापूर्वी काय दिले जाते? त्यासाठी जनावरांच्या औषधांच्या दुकानांत विचारपूस झाली. उत्तर होते डायक्लोफेनॅक, आपण गुडघेदुखीला घेतो तेच. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठी हे औषध बंद केले. बंदीनंतरही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरची करावी लागली. शंभरांतल्या एकाहूनही कमी मेलेल्या गुरांत हे औषध असले तरी गिधाडांचा निर्वंश व्हायला ते पुरेसे होते, हा या प्रकरणातला सर्वांत अस्वस्थ करणारा हिशोब.

बुलढाणा, बिजनौर, मुजफ्फरपूर, भरतपूर. चारही ठिकाणी आधी जंतूवर संशय गेला आणि चारही ठिकाणी शोध खाण्याकडे वळला. हा योगायोग नाही असे मला वाटते. आपल्याकडे साथीचा तपास करणारी जी यंत्रणा आहे ती मुळात जंतू शोधण्यासाठी उभारली गेली. हाताशी विषाणूच्या चाचण्या असतात, म्हणून नमुने तिकडे जातात. विषाची चाचणी करायची तर कोणते विष ते आधी सांगावे लागते, आणि ते ठाऊक नसते म्हणून तर तपास चाललेला असतो. या कोंडीतून सुटायला यंत्र उपयोगी पडत नाही. काय खाल्ले, कधी खाल्ले, आणखी कोणी खाल्ले, जनावरांनी खाल्ले का, हे विचारत घरोघर फिरणारा माणूस लागतो.

अर्थात कधी कधी विषाणूच असतो. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसांना कडक ताप येऊ लागला. पुण्यात १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले होते, आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. माकडे आणि माणसे एकत्र मरताहेत म्हटल्यावर तिथल्या शास्त्रज्ञांच्या पोटात गोळा आला, कारण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत पीतज्वर असाच येतो आणि आशियात तो कधीच आलेला नव्हता. टेलफोर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी जंगलात गेले. विषाणू सापडला तो वेगळाच, रशियातल्या गोचिडीच्या मेंदूज्वराचा भाऊबंद. तो गोचिडीतून माकडात आणि माणसात येत होता. माकडांच्या मृत्यूची दखल घेतली गेली नसती, तर हा ताप कित्येक वर्षे विषमज्वराच्या रकान्यात जमा होत राहिला असता.

पन्नास-साठ वर्षे हा आजार कर्नाटकाचा मानला गेला. मग २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात निघाला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात. दोडामार्ग-बांदा परिसरातले लोक त्याला माकडताप म्हणतात. काजूचा हंगाम, गोठ्यात अंथरायला पातेरा गोळा करण्याचे दिवस आणि गोचिडीची पिल्ले जमिनीवर सर्वांत जास्त असण्याचा काळ हे तिन्ही एकाच वेळी येतात. दोडामार्गातल्या माणसाला फेब्रुवारीत ताप आला, अंग मोडून दुखू लागले, तर त्याला विचारायचा पहिला प्रश्न 'बागेत कुठे मेलेले माकड दिसले का?' हा आहे. तिथल्या आशाताईंना तो ठाऊक असतो. मुंबईत उपचाराला आलेल्या त्याच माणसाला तो कोणी विचारील याची खात्री नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९९९ च्या उन्हाळ्यात तर भिंत अक्षरशः आडवी आली. ऑगस्टमध्ये क्वीन्स भागातल्या डॉ. डेबोरा ॲस्निस यांना मेंदूज्वराचे काही वयस्क रुग्ण विचित्र वाटले, हातपाय गळाठलेले. त्यांनी फोन करून आरोग्य खात्याला कळवले. अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राने सेंट लुईस मेंदूज्वर असे निदान जाहीर केले. त्याच दिवसांत शहरात कावळे मरून पडत होते. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाच्या रोगनिदानतज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांच्याकडचे रोहित पक्षीही गेले. त्या म्हणत होत्या, सेंट लुईसच्या विषाणूने पक्षी मरत नाहीत. आणि घोड्यांचा पूर्वेकडचा मेंदूज्वर म्हणावे तर एमू धडधाकट आहेत, ते आधी मरायला हवे होते. मेलेल्या आणि न मेलेल्या पक्ष्यांची एवढी नेटकी मांडणी असूनही माणसांच्या रोगांचे खाते प्राण्यांचे नमुने घ्यायला नाखूश होते. मॅकनमारांनी ते कृषी खात्याच्या आणि मग लष्कराच्या प्रयोगशाळेत पाठवले. सप्टेंबरअखेर उलगडा झाला: वेस्ट नाईल विषाणू, १९३७ मध्ये युगांडात सापडलेला, अमेरिकेत पहिल्यांदाच. त्या वर्षी ६२ माणसे आजारी पडली, ७ दगावली.

एवढे वाचून प्राण्यांवरून माणसाचे निदान करणे सोपे आहे असे वाटू लागले असेल, तर मेंढ्यांची एक गोष्ट ऐकून ठेवावी. १९५९ मध्ये अमेरिकी पशुवैद्य विल्यम हॅडलो यांनी लंडनमध्ये एका प्रदर्शनात पापुआ न्यू गिनीतल्या कुरू रोगाने मेलेल्या माणसांच्या मेंदूची छायाचित्रे पाहिली. मेंदूत भोकेच भोके. स्क्रेपी झालेल्या मेंढीच्या मेंदूत ते रोज हेच पाहत होते. त्यांनी 'लॅन्सेट'ला पत्र लिहिले: कुरू हा स्क्रेपीसारखा संसर्गजन्य असू शकतो, माकडांवर प्रयोग करा. संशोधक कार्लटन गायडुसेक यांनी तो केला आणि १९७६ मध्ये नोबेल मिळवले. पुढे १९८६ मध्ये ब्रिटनमधल्या गायींना तसाच रोग झाल्याचे उघड झाले. तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याच स्क्रेपीचा आधार घेऊन जनतेला दिलासा दिला: दोनशे वर्षे लोक स्क्रेपीच्या मेंढ्या खाताहेत, कोणाला काही झाले नाही, मग गोमांसाने काय होणार? १९९६ मध्ये सरकारला मान्य करावे लागले की माणसांना झाले आहे. साम्य सापडले की शोध सुरू करायचा असतो. ब्रिटनने तिथेच तो थांबवला होता.

एकेकट्या रुग्णाच्या दुर्मिळ आनुवंशिक आजाराची तऱ्हा वेगळी, तिथे आता जनुकचाचणी बरेचसे काम करते. पण तिथेही प्राणी आडवाटेने भेटतातच. चालता चालता झोपून पडणाऱ्या डॉबरमन कुत्र्यांचा अभ्यास स्टॅनफर्डमध्ये वर्षानुवर्षे चालला आणि १९९९ मध्ये त्यांच्यातला जनुकीय दोष सापडला. वर्षभरात कळले की नार्कोलेप्सी झालेल्या माणसांच्या मेंदूत त्याच वाटेवरचे रसायन नसते. तोवर अशा रुग्णांना आळशी ठरवले जात होते.

रोजच्या दवाखान्यात या साऱ्याचा उपयोग कितपत? माझ्या मते सर्वांत जास्त तिथेच. महिनाभर येत-जात राहणारा ताप, सांधेदुखी, रात्री घाम. टायफॉइडचे औषध झाले, क्षयाचे सुरू करावे का असा विचार चालला आहे, आणि रुग्ण दूधवाला आहे. त्याची एखादी म्हैस गाभडली होती का, वार त्याने उघड्या हातांनी काढली का, हे विचारले की ब्रुसेलोसिसची रक्तचाचणी सुचते. माल्टात हा ताप ब्रिटिश सैनिकांना छळत होता. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे १९०५ पर्यंत कळले नाही, कारण ज्या शेळ्यांच्या दुधातून तो येत होता त्या ठणठणीत दिसत. उलट बाजूचे उदाहरण अधिक धोक्याचे. गाय लाळ गाळते, गिळत नाही, आवाज घोगरा झाला आहे. घशात काही अडकले असेल म्हणून मालक तोंडात हात घालतो. पिसाळलेल्या कुत्र्याने महिन्यांपूर्वी तिला चावा घेतलेला कोणाला आठवतही नसतो. गायीचा रेबीज असाच दिसतो, आणि घरच्या सगळ्यांना लस घ्यायची वेळ येते.

आपल्याकडे माणूस आरोग्य खात्याचा, म्हैस पशुसंवर्धनाची आणि माकड वनखात्याचे. तिघांच्या प्रयोगशाळा वेगळ्या, फायली वेगळ्या. २०१८ मध्ये गीरमध्ये तीन आठवड्यांत २३ सिंह मेले, तेव्हा आधी आपसातल्या मारामारीचे कारण दिले गेले. श्वानांच्या डिस्टेंपर विषाणूचे निदान शेवटी पुण्याच्या विषाणुविज्ञान संस्थेत झाले, जी माणसांसाठीची आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेर, शेगावात केस गळत होते त्याच दिवसांत, नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेने बर्ड फ्लू असल्याचे कळवले. त्याच नागपुरात राष्ट्रीय 'वन हेल्थ' संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली आहे. संस्था उभी राहणे चांगलेच, पण तालुक्याच्या पातळीवर वैद्यकीय अधिकारी आणि पशुधन विकास अधिकारी यांनी महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसायला इमारत लागत नाही. हे सक्तीचे केले तरी पुष्कळ साधेल.

तोवर काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांनी विचारले नाही तरी सांगा: घरी कोणती जनावरे आहेत, त्यांतले कोणते आजारी होते, धान्य नव्या ठिकाणाहून आले का, मुलाने रानातले काही खाल्ले का. जनावराच्या डॉक्टरांनाही घरातल्या माणसांच्या तापाबद्दल सांगा. लाळ गाळणाऱ्या गायीच्या तोंडात हात घालू नका. आणि मेलेले माकड दिसले तर त्याला न शिवता वनखात्याला आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला, दोघांनाही कळवा.